गेरूचे पैसे वेगळे

व्हिजिटिंग कार्ड छापायला गेलो तेव्हा छापखानेवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "धंदा काय टाकू?" आणि तिथेच गाडी अडली. या कामाला इंग्रजीत 'आर्बोरिस्ट' असा भारदस्त शब्द आहे. तो देवनागरीत लिहून दाखवला, तर छापखानेवाला म्हणाला, "अत्तरं विकणार का?" 'झाडे तोडून मिळतील' हे सगळ्यांना कळलं असतं, पण मला नेमकं तेच करायचं नव्हतं. 'छाटणीतज्ज्ञ' असंही मनात आलं. पण मी स्वतःच नुकताच स्वेच्छानिवृत्ती नावाच्या छाटणीतून बाहेर पडलो होतो, जखम ओली होती. शेवटी 'वृक्षवैद्य' छापलं. हिरव्या शाईत. त्यातला 'वृक्ष' फिकट आला आणि 'वैद्य' ठसठशीत.

पहिल्या आठवड्यात अकरा फोन आले. त्यातले सात गुडघ्यांचे होते. एका बाईंना हृदयासाठी अर्जुनाची साल हवी होती, तीही ताजी, झाडावरून काढलेली. साल काढणाऱ्यांपासून झाडाला वाचवणं हाच माझा व्यवसाय आहे, असं मी त्यांना समजावलं. "मग वैद्य कशाला लिहिलंत?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. एक सद्गृहस्थ तर थेट घरी आले आणि बसल्या बसल्या मनगट पुढे केलं. मी भीत भीत नाडी पाहिली. लागली. "उत्तम आहे, काही करायची गरज नाही," म्हणालो. गृहस्थ प्रसन्न झाले, चहा घेतला आणि निघाले. पैशांचा विषय निघाला नाही. बरोबरच होतं, मी केलं काय होतं?

आता मुळात हे खूळ आलं कुठून, ते सांगतो. आमच्या कोथरूडच्या घरासमोर रस्त्याकडेला एक गुलमोहर होता. एका रविवारी सकाळी दोन पोरं आली, एक वर चढला, एक खाली उभा राहिला, आणि माझा चहा संपायच्या आत त्या झाडाचा खांब झाला. मी गॅलरीतून "च् च्" करत होतो. अशा प्रसंगी कोथरूडमधला माणूस जास्तीत जास्त एवढंच करतो. फार चिडला तर संपादकांना पत्र लिहितो. मी म्हणालो, "हे काम कुणीतरी नीट शिकून करायला हवं." आतून बायको म्हणाली, "मग करा की. नाहीतरी दिवसभर घरातच असता."

बँकेत 28 वर्षं मी कर्ज विभागात होतो. नवीन धंदा काढणाऱ्या शेकडो लोकांना मी समोरच्या खुर्चीत बसवून विचारलं होतं, "या क्षेत्रातला अनुभव काय?" अनुभव नाही म्हणणाऱ्याचा अर्ज मी कसा बाजूला ठेवायचो, ते मला चांगलं आठवत होतं. तेव्हा स्वतःला कर्ज न देता निवृत्तीच्या पैशांतून सुरुवात केली.

सुरुवात अर्थातच वाचनाने. बँकेचा माणूस कागद वाचल्याशिवाय झाडालाही हात लावत नाही. हजारएक वर्षांपूर्वी सुरपाल नावाच्या पंडिताने संस्कृतात 'वृक्षायुर्वेद' लिहिला. त्याच्या मते झाडांनाही वात, पित्त आणि कफ होतो. हे वाचून मला झाडांबद्दल एकदम घरगुती जिव्हाळा वाटू लागला. त्याच नादात दोहदाची भानगड कळली. सुंदर स्त्रीचा पाय लागला की अशोक फुलतो आणि तिने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राणी झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून घेते, म्हणून अशोकाला लाथ मारायचं काम मालविकेवर सोपवलं जातं. झाडांच्या निगेतलं हे आउटसोर्सिंग कालिदासाच्या काळापासून चालू आहे, हे वाचून धीर आला. मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी ओळीने उभे आहेत ते अशोक खरे अशोक नव्हेत, ते आसुपालव, पहारेकऱ्यासारखे सरळसोट. सीतेचा अशोक निराळा, नारिंगी-तांबड्या फुलांचा. त्यामुळे लाथ मारून उपयोग झाला नसता, असं मी म्हणालो. "झाडाला नसता," बायको म्हणाली.

दुसरे गुरू अमेरिकेतले, ॲलेक्स शायगो. या माणसाने आयुष्यभर झाडं उभी चिरून आत काय चालतं ते पाहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतून भिंती घालतं आणि पुढचं लाकूड बाहेरून वाढवत राहतं. बिघडलेल्या खोलीला कुलूप लावून बाकीच्या घरात संसार चालू ठेवावा, तसं. म्हणून फांदी कुठून कापायची याला फार महत्त्व. आणि कापल्यावर वरून रंग, डांबर, मेण असलं काही फासण्याला महत्त्व अजिबात नाही. फासल्याने झाड बरं होत नाही. एवढं ज्ञान डोक्यात घेऊन मी बोहरी आळीत हत्यारं घ्यायला गेलो.

पुण्यात हत्यारं घ्यायची तर रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाकडे एकदा पाहतो आणि त्याला काय झेपेल ते ठरवतो. मी चेनसॉ मागितली. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हातकरवत काढून दिली. मग बरीच वादावादी होऊन आठ हजारांची चेनसॉ, दोन दोर, हेल्मेट आणि कमरेला बांधायचा सेफ्टी बेल्ट असा लवाजमा रिक्षात घालून आणला.

चेनसॉ टू-स्ट्रोक असते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. इथे मात्र मी निर्धास्त होतो. ज्या पिढीने वडिलांच्या लूनामध्ये ऑइलचं माप ओतलं आहे, तिला टू-स्ट्रोक कुणी शिकवू नये. लिटरला 20 मिली ऑइल, अगदी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घातलं. चोक ओढला, दोरी खेचली. अठराव्या खेचीला ती सुरू झाली. सोसायटीतली सगळी कुत्री आणि निम्मी कार्यकारिणी खाली जमा झाली. प्रात्यक्षिक म्हणून आवारात पडलेल्या एका सुबाभळीच्या ओंडक्यावर पातं टेकवलं. प्रचंड आवाज, प्रचंड धूर, आणि ओंडक्यावर एक काळा डाग. पाच मिनिटं झाली तरी लाकडाला चीर नाही. "अनुभव लागतो," कार्यकारिणी म्हणाली. मी कपाळाचा घाम पुसत असताना दुसऱ्या मजल्यावरचं आठवीतलं पोरगं जवळ आलं, वाकून पाहिलं आणि म्हणालं, "काका, चेन उलटी लावलीय." वरच्या बाजूला दात पुढे, पात्याच्या टोकाकडे तोंड करून हवेत. माझे सगळे दात माझ्याकडे बघत होते.

त्या दिवशी मला मामांची गरज पटली.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. मजूर अड्ड्यावर त्यांना सगळेच मामा म्हणतात. मूळचे मुळशीकडचे, वय साठीच्या अल्याड की पल्याड ते त्यांनाही ठाऊक नाही. अंगाने काटकुळे, पायाची बोटं अशी की झाडाला धरली की झाडाचीच वाटावीत. त्यांचं भांडवल एक कोयता, एक कुऱ्हाड, काथ्याचा जाड दोर आणि तंबाखूची चंची. मी हेल्मेट पुढे केलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं आणि सांगितलं, "पानी प्यायला बरंय." सेफ्टी बेल्टची त्यांनी तीन दिवस टिंगल केली. चौथ्या दिवशी वर पाहतो तर मामा बेल्टमध्ये रेलून, दोन्ही पाय फांदीवर पसरून भाकरी खात बसलेले. तेव्हापासून बेल्टशिवाय चढत नाहीत. सुरक्षिततेचं भाषण फुकट गेलं, झोपाळ्याने काम केलं.

मामांची तपासणी पाहण्यासारखी असते. चढण्याआधी ते झाडाभोवती एक फेरी मारतात, कोयत्याच्या पाठीने खोडावर ठिकठिकाणी टकटक करतात आणि कान देतात. चांगल्या लाकडाचा आवाज ठण्ण येतो, पोकळ जागी ढब. खाली बुंध्याशी वाळवीच्या मातीच्या रेघा बघतात, सालीतून भुसा पडलाय का बघतात. भुसा म्हणजे खोडकिडा. मग वर पाहून म्हणतात, "ही मेली. ही मरतीय. ही नाटकं करतीय." मी पहिल्यांदा हे टिपून घेतलं आणि रात्री पुस्तकात ताडून पाहिलं. पहिल्या दोन प्रकारांची वर्णनं सापडली. तिसऱ्यावर शास्त्राचं अजून काम झालेलं दिसत नाही.

फांदी कापायची पद्धत मात्र शायगोंची आणि मामांची एकच निघाली. जड फांदी वरून सरळ कापत गेलं तर अर्ध्यात ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि जाताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते, ओल्या भिंतीवरचा कागद ओढावा तशी. म्हणून खोडापासून हातभर लांब आधी खालून खाच घ्यायची, मग जरा पुढे वरून कापायचं. फांदी सुटते आणि खुंट उरतो. तिसरा काप त्या खुंटाचा. फांदी खोडातून निघते तिथे सालीची एक फुगीर वळी असते, स्वेटरच्या गळ्यासारखी. काप त्या वळीच्या बाहेरून घ्यायचा. वळीला धक्का लागता कामा नये, कारण भिंत घालणारे गवंडी तिथेच राहतात. मी ही वळी मामांना बोटाने दाखवली, शास्त्र सांगितलं. मामा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तिला आमी गोठ म्हनतो. गोठ कापला की झाड रडतं." मी म्हटलं, झालं! पूर्व-पश्चिम एक झाली. तेवढ्यात मामांनी खाली उतरून डब्यातला गेरू कालवायला घेतला.

"मामा, हे कशाला?"

"जखमंला."

मी पुन्हा शायगो काढले. गेरूने, शेणाने, रंगाने झाडाचं काही भलं होत नाही. अमेरिकेत सिद्ध झालंय. उघडं ठेवलेलंच बरं. मामांनी कुंचला बुडवता बुडवता शांतपणे सांगितलं, "सायेब, झाडाला काय बी व्हत न्हाई, मला ठावं हाय. पन खालनं गिऱ्हाईक वर बगतं. त्याला लाल ठिपकं दिसलं पायजेत. रंग झाडाला न्हाई, गिऱ्हाइकाला लावायचा."

बँकेत 28 वर्षांत ग्राहकसेवेवर जेवढी परिपत्रकं आली, त्यांत हे कुठेही नव्हतं.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगायचे तर फोनवरचे आवाजच पुरे. "झाड आमच्या सीसीटीव्हीच्या आड येतं." "सोलरवर सावली पडते." "पानं फार पडतात हो, पानं न पडणारं काही औषध आहे का?" एका बंगल्यातून फोन आला की आंब्याला मोहर येत नाही, गेलो तर तो फणस होता. वास्तुशास्त्रवाले वेगळे, त्यांना शेवगा ईशान्येकडून आग्नेयेला सरकवून हवा असतो. आणि सगळ्यांत मोठा वर्ग 'वरून सारखं करून द्या'वाल्यांचा. या लोकांच्या डोळ्यांसमोर झाड नसतं, न्हाव्याची खुर्ची असते. शेंडा उडवला की झाड आटोक्यात राहतं अशी त्यांची ठाम समजूत. उलट होतं. बोडकं केलेलं झाड घाबरून जिथे तिथे भाराभर फुटवे काढतं. ते भराभर वाढतात, पण खोडात त्यांचा पाया नसतो, वरवर चिकटवलेले. दोन-तीन वर्षांनी तेच वाऱ्यात मोडून गाडीवर पडतात. मग तोच माणूस पुन्हा फोन करतो, "झाड धोकादायक झालंय, पूर्णच काढा." हे सगळं मी सविस्तर समजावतो. समोरचा सगळं ऐकून म्हणतो, "बरोबर आहे तुमचं. मग मीडियम ठेवा."

एक फोन रात्री दहाला आला. आवाज इतका हळू, की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

"ते... हिंग किती लागतो?"

"कशाला?"

"म्हणजे... साधारण दोन माणसांच्या कवेत मावेल एवढ्या बुंध्याला?"

खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड आपोआप वाळतं, असा एक समज आपल्याकडे आहे. परवानगी नको, आवाज नको, शेजाऱ्यांशी भांडण नको. झाड म्हातारपणाने गेलं असं म्हणायला मोकळे. मी म्हणालो, "हिंग वरणाला चिमूटभर लागतो. त्यापलीकडे मला माहिती नाही." फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्या नंबरची चौकशी करावी असं वाटलं, पण बँकेची सवय: नाकारलेल्या अर्जाचा पाठपुरावा आपण करायचा नसतो. अजूनही कुठे एखादं मोठं झाड अवेळी वाळलेलं दिसलं की मी जवळ जाऊन हळूच वास घेतो. लोक बघतात.

परवानगीचं म्हणाल, तर आपल्याकडे नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात झाड तोडण्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे, की जाळणं, कापणं आणि कुठल्याही तऱ्हेने इजा करणं हे सगळं तोडण्यातच येतं. म्हणजे स्वतःच्या अंगणात स्वतः लावलेल्या आंब्यालाही आपल्या मर्जीने कुऱ्हाड लावता येत नाही. आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज. लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "झाड आमचं, जागा आमची, सावली आमची, आणि परवानगी?" मी कर्ज विभागातला, तारण आपलं असलं तरी कागद बँकेकडे असतात, हे मला समजावून सांगणं सोपं जातं. 2021 च्या दुरुस्तीने यात आणखी भर घातली. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'हेरिटेज ट्री', आणि झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. माझं वय 53. बायको हिशेब करून म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काढायचं तर त्रेपन्न रोपं. जागा कुठे आहे एवढी?"

वय ठरवायचं म्हणजे आधी घेर मोजायचा, तोही छातीच्या उंचीवर. जंगलखात्याच्या हिशेबात ही उंची 1.37 मीटर. मामांच्या छातीवर ती बरोबर येते, माझ्या बरगड्यांच्या खाली आणि आमच्या सेक्रेटरींच्या गळ्याशी. शिंप्याकडून आणलेल्या टेपने मी वडाला मिठी मारून उभा असतो तेव्हा जाणारे-येणारे थांबतात. एका आजींनी विचारलं, "सात फेरे घालणार का? मग दोरा घ्या, टेप कशाला?" वडाच्या बाबतीत तसं विचारण्यासारखंच आहे म्हणा. वटपौर्णिमेला जिथे पूजा होते तो वड सुखी. जिथे फांद्या तोडून बाजारात विकायला जातात, तिथल्या वडाने सात जन्म कुणाकडे मागावेत?

मामांचे स्वतःचेही कायदे आहेत आणि ते 1975 च्या आधीचे आहेत. उंबराला ते हात लावत नाहीत, दत्ताचं झाड. पिंपळाला नारळ फोडल्याशिवाय नाही, कारण वर मुंजा असतो आणि त्याला आधी कल्पना द्यावी लागते. मी तो नारळ बिलात 'परवानगी व अनुषंगिक खर्च' या सदरात दाखवतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावर हरकत घेतलेली नाही. माझ्या सल्ल्याच्या फीवर सगळ्यांनी घेतली आहे.

तोडलेल्या फांद्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न पुस्तकात नव्हता. अमेरिकन व्हिडिओत एक यंत्र असतं, त्यात अख्खी फांदी घातली की पलीकडून भुसा येतो आणि माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसतो. आपल्याकडे छोटा हत्ती भरून फांद्या घेऊन फिरा. पूर्वी सरपणाला मागणी होती. आता गॅस आला. कचरेवाल्या ताईंनी विचारलं, "ओला की सुका?" मी म्हणालो, "आज ओला, पुढच्या महिन्यात सुका." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुढच्या महिन्यापर्यंत फांद्या आमच्या पार्किंगमध्ये ठेवल्या. बायकोची स्कूटर त्यांच्याखाली आहे असं म्हणतात.

आता ज्या कामाने माझं नाव झालं ते सांगतो. एका जुन्या सोसायटीच्या मधोमध भला थोरला पर्जन्यवृक्ष, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, पण आता इथलाच. संध्याकाळी पानं मिटून घेतो, ढग आले तरी मिटतो. या झाडाची पानं पावसाच्या तोंडावर पिवळी पडून गळायला लागली होती, एका बाजूची टोकं वाळली होती. सेक्रेटरींनी मुंबईत पिठ्या ढेकणाने रेन ट्री मेल्याचं वाचलं होतं. त्यामुळे निदान त्यांनीच करून ठेवलं होतं. मी फक्त इंजेक्शन द्यायचं. "महाग असलं तरी चालेल," असंही म्हणाले. हे वाक्य माझ्या धंद्यात मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी भिंग काढलं. पानं उलटी करून पाहिली, कोवळी टोकं पाहिली. कापसासारखा पांढरा पुंजका कुठेही नाही. मामा तोवर बुंध्याशी उकिडवे बसून तंबाखू मळत होते. मध्येच थांबून त्यांनी खोडाला टेकलेल्या पेव्हर ब्लॉकवर नखाने टकटक केलं. "सायेब, हे कदी घातलं इचारा."

मागच्या दिवाळीत घातलं होतं. आधी तिथे माती होती, मुलं गोट्या खेळायची. मग चिखल होतो म्हणून सगळ्या आवारात खडी, सिमेंट आणि वर रंगीत ब्लॉक, अगदी बुंध्याला घासून. इतकं चोख काम की मुंगी शिरणार नाही. पाणीही शिरत नव्हतं, हवाही नाही. मुळं पाणी पितात हे आपल्याला शाळेत शिकवतात. ती श्वासही घेतात हे कार्यकारिणीला कळवायचं राहून जातं. खोडावर चार इंची खिळ्यांनी एक पाटीही ठोकली होती: 'झाडे लावा, झाडे जगवा'.

मी अहवाल दिला. झाडाभोवती चारही बाजूंनी एक मीटर जागा मोकळी करायची, सिमेंट फोडायचं, माती हलकी सैल करून पालापाचोळा पसरायचा, पाटीचे खिळे काढायचे. बस्स. पुस्ती म्हणून हेही जोडलं, की दिल्लीत 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचं एवढंच काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. सभा बसली. लवाद बाजूला राहिला, कारण तो एक मीटर अध्यक्षांच्या पार्किंगमधून जात होता. "इंजेक्शनने भागणार नाही का?" अध्यक्षांनी विचारलं. "मुळांना थोडं लांबून श्वास घ्यायला शिकवता येणार नाही का?" असं काही त्यांनी विचारलं नाही, पण रोख तोच होता. दीड तासाने पाऊण मीटरवर तडजोड झाली. अध्यक्षांची गाडी आता जरा तिरकी लागते.

सकाळी सात ते दुपारी एक, मी, मामा आणि एक पोरगा. शेहेचाळीस ब्लॉक निघाले. शेवटचा ब्लॉक उचलला तेव्हा खाली मूळ होतं, चपटं झालेलं, त्यावर ब्लॉकच्या नक्षीचा ठसा उमटलेला. मी ते सेक्रेटरींना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पाझर फुटला. मग म्हणाले, "ब्लॉक पुन्हा वापरता येतील ना?"

बिल मी साडेतीन हजारांचं केलं होतं. ते हातात घेऊन सेक्रेटरी झाडाकडे पाहत उभे. झाड होतं तसंच. खाली मातीचा एक चौकोन, एवढाच फरक. "पण तुम्ही झाडाला नक्की केलंत काय?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. "काही नाही. जे केलं होतं ते काढलं." "मग त्याचे साडेतीन हजार?" मला एकदम ते नाडी दाखवायला आलेले गृहस्थ आठवले. एवढ्यात मागून मामांचा आवाज आला, "सायेब, दोन मिंट." त्यांनी डबा आणला, खोडाला छातीपर्यंत गेरू लावला, वर चार बोटं चुन्याचा पांढरा पट्टा मारला आणि शेवटी मागे सरून मान तिरपी करून पाहिलं. गॅलऱ्यांमधून माणसं वाकली. अध्यक्ष खाली उतरले. "हं! आता कसं, ट्रीटमेंट झाल्यासारखं वाटतंय!"

बिल मी तिथल्या तिथे फिरवून लिहिलं. तपासणी: शून्य. सल्ला: शून्य. ब्लॉक काढणे: शून्य. गेरू व चुना, संरक्षक लेपासह: 3,500. चेक त्याच संध्याकाळी मिळाला. पावसाळ्यात झाडाने नवी पालवी धरली, आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या तीन सोसायट्यांनी फोन केले: "तो तांबडा लेप आमच्याकडेही हवाय." मी जातो, ब्लॉक काढतो, लेप लावतो. शायगोंचं पुस्तक गेरूच्या पोत्याशेजारीच ठेवलेलं आहे. दोघांचं अजून भांडण झालेलं नाही. कार्डही नवीन छापलं. 'वैद्य' काढून टाकलं, तरी गुडघ्याचे फोन येतात.

तेव्हा वाचकहो, पाऊस पडायच्या आत एकदा खाली उतरून आपल्या आवारातलं झाड बघा. बुंध्याला ब्लॉक टेकले असतील तर हातभर जागा मोकळी करा, खिळे उपटा. शेंड्याला हात लावू नका. पहार कुणाच्याही घरी असते. यासाठी मला बोलवायची गरज नाही. बोलावलंतच तर येईन. गेरूचे पैसे वेगळे.